पांढऱ्या दिव्याचं घर

खडू तुटला की मुजावर सर म्हणायचे, "माझंच चुकलं." डस्टर हातातून निसटलं, चूक त्यांची. एखादं पोरगं व्हरांड्यातून धावत येऊन त्यांच्याच पोटावर आदळलं, तरी त्याची कॉलर सरळ करत हे म्हणणार, "माझंच चुकलं बेटा, मीच मध्ये आलो." एकदा स्टाफरूममधला पंखा बंद पडला तेव्हाही त्यांच्या तोंडून सवयीनं तेच निघालं. मी म्हटलं, "सर, वीजवाल्यांचं तरी त्यांच्याकडे राहू द्या." सगळे हसले, तेही हसले. पुढं पोरांनी त्याचा खेळच करून टाकला. सरांनी "माझंच" म्हणायचा अवकाश, अख्खा वर्ग सुरात "चुकलंऽऽ" म्हणून वाक्य पूर्ण करायचा. त्यात चेष्टा होती, पण मायाही होती. सरांनी कधी कुणाला गप्प केलं नाही.

ते चित्रकला शिकवायचे, मी विज्ञान. आमची शाळा सोलापुरात, भवानी पेठेच्या कडेला. यंत्रमागावर टॉवेल काढणाऱ्यांची, विड्या वळणाऱ्या बायांची, रिक्षावाल्यांची, महापालिकेत झाडू मारणाऱ्यांची मुलं. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी दखनी, कुणी कानडी, आणि शाळेत सगळी मिळून जे मराठी बोलतात ते बाहेरून आलेल्या पाहुण्याला दोनदा विचारून घ्यावं लागतं. मुजावर सरांचं मराठीही त्यातलंच. उंच, किडकिडीत, खांदे जरा पुढं आलेले. शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी स्टीलचा चहाचा चमचा. नवीन आलेल्या शिक्षकाला वाटायचं, सरांना काहीतरी औषध घ्यायचं असतं.

माझा स्वभाव त्यांच्या उलट. मला चूक कबूल करायची वेळ आली की आधी दहा कारणं सुचतात. शिवाय माझ्या विषयात उत्तर एक तर बरोबर असतं नाहीतर चूक, त्यामुळं मला चित्रकला हा तास म्हणजे पोरांना श्वास घ्यायला दिलेली सवलत वाटायची. सरांच्या वर्गावर एकदा बदली तास म्हणून गेले आणि थोडी उमज पडली. पोरांनी नेहमीचं चित्र काढलेलं होतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत जाणारी नदी, एक झोपडी, दोन नारळाची झाडं. सर तेवढ्यात परत आले, कागद उचलला आणि त्या पोराला अगदी गंभीरपणे विचारलं, "तुझ्या घरामागं डोंगर हाय का रे?"

"न्हाई सर."

"मग काय हाय?"

"भंगाराचं दुकान हाय सर."

"मग ते काढ की! ह्यो डोंगर कुणाचा उचलून आणलास? त्याचा मालक शोधत आसंल."

सोलापुरात डोंगर शोधायला गेलं तर कुठवर जावं लागेल देव जाणे, आणि इथली पोरं पिढ्यान्पिढ्या दोन डोंगर काढत आलेली. सरांनी तो डोंगर बंद केला. त्यांच्या तासाला भंगाराचं दुकान आलं, नळावरची भांडी आली, मागाचे धोटे आले, रिक्षाखाली झोपलेलं कुत्रं आलं. चित्र बघून ते चांगलं-वाईट म्हणत नसत. "हे कुणाच्या घरचं?" एवढंच विचारायचे, आणि पोरानं "आमच्या" म्हटलं की कागद परत द्यायचे.

हेच सर एकदा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. आत यायच्या आधी चप्पल काढली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी मागायचंय.

"मॅडम, कागद जळणार न्हाई आसा दिवा मिळतो का ओ?"

सातवीतल्या एका मुलीनं आजीचं चित्र काढलं होतं आणि आजीच्या नाकातली चमकी खरंच चमकली पाहिजे म्हणून हट्ट धरला होता. जिलेटीन कागद लावून झाला, चमकी पावडर लावून झाली, तिचं समाधान होईना. मी त्यांना बारके एलईडी दाखवले, तांब्याची चिकटपट्टी दाखवली, घड्याळात असतो तसा बटणाएवढा सेल दाखवला. कागदावर पट्टीच्या दोन वाटा करायच्या, एक सेलच्या वरून निघणारी, एक खालून. दिव्याचा एक पाय एका वाटेवर, दुसरा दुसरीवर. कागद दुमडून सेल दाबला की दिवा लागतो. तार नाही, सोल्डरिंग नाही. सरांनी ते सगळं ऐकून घेतलं, स्वतः करून बघितलं, आणि आजीच्या नाकाच्या जागी लाल ठिपका पेटला तेव्हा हा पन्नाशीचा माणूस प्रयोगशाळेतल्या स्टुलावर मटकन बसला. मग उठला, चित्र घेतलं आणि चप्पल न घालताच वर्गाकडे पळाला.

त्यानंतर आमचे दोघांचे तास एकत्र व्हायला लागले. खिशातला चमचा त्या काळातलाच. पट्टी नखानं दाबली की फाटते, फूटपट्टीनं दाबली की सरकते, आणि चमच्याच्या पाठीनं घासली की इस्त्री केल्यासारखी बसते, हा त्यांचा शोध. दुसरा नियम पट्टी वळवण्याचा. कोपऱ्यावर पोरं पट्टी तोडायची आणि नवा तुकडा वरून चिकटवायची. दिसायला जोडलेली दिसते, पण मधल्या गोंदातून वीज धड जात नाही आणि दिवा लागत नाही. म्हणून सर वर्गभर फिरत राहायचे, "तोडू नका, वळवा. तोडू नका, वळवा." ज्या पोरांना माझ्या तासाला परिपथ हा शब्द म्हणता यायचा नाही, ती पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांची पट्टी तपासायला लागली. मला आनंद व्हायचा आणि थोडी असूयाही वाटायची. माझ्या फळ्यावर जे वर्षानुवर्षं बसलं नाही, ते त्यांच्या चमच्यानं बसवलं होतं.

मग शाळेचं प्रदर्शन ठरलं. सरांच्या डोक्यात एक मोठं चित्र होतं. भिंतभर काळा कागद, त्यावर आपली पेठ, संध्याकाळची. प्रत्येक मुलानं आपापलं घर काढायचं, खऱ्यासारखं, आणि त्याच्या खिडकीत एक दिवा. घरं गल्लीगल्लीत मांडायची. प्रत्येक गल्लीतून तांब्याच्या पट्टीच्या दोन वाटा आणि गल्लीच्या तोंडाशी एक सेल. म्हणजे एका सेलवर गल्लीतली सगळी घरं उजळणार. सेल मोजकेच होते, त्यामुळं घर सुटं लावून बघायचं नाही, गल्लीतच लावायचं, असा सरांचा शिरस्ता. दिवे लाल आणि पिवळे. दिवेलागणीचा रंग म्हणून त्यांनीच ठरवले होते.

प्रदर्शनाच्या आधल्या आठवड्यात मला मोहोळला प्रशिक्षणाला धाडलं. जाताना दिव्यांची पेटी मी सरांच्या हातात दिली. पेटीत लाल-पिवळ्यांबरोबर चार-दोन पांढरेही दिवे होते. मी तेव्हा त्याबद्दल काही बोलले नाही, बोलावं असं सुचलंही नाही.

परत आले ती थेट प्रदर्शनाच्या दिवशी. वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावून अंधार केलेला, आणि समोर आमची पेठ उजळलेली. मला भरून आलं. पाहुणे खूश, मुख्याध्यापक तर आपणच विजेचा शोध लावल्यासारखे फिरत होते. पालक आपापलं घर शोधत होते. "ही बघ आपली गॅलरी. आवो, नळबी काढलाय की!" सगळं बघता बघता मला एका गल्लीत मध्येच एक चौकोनी काळा तुकडा दिसला. दोन्ही बाजूंना घरं, मध्ये नुसता अंधार. कागदावर वरून कागद चिकटवलेला.

"हे काय सर?"

"ते... मैदान हाय," सर म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले.

भवानी पेठेत त्या गल्लीत कसलं आलंय मैदान! पण मी पुढं विचारलं नाही. दारात सातवीतली अंबिका उभी होती. ती आत येत नव्हती आणि जातही नव्हती. मी तिला म्हटलं, "आत जा की गं, गर्दीत सापडशील." ती म्हणाली, "बघितलंय मॅडम," आणि तिथंच उभी राहिली.

अंबिकाची आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. घरी तेलुगू. वर्गात ती कमी बोलायची, पण तिचं चित्र सरांनी मला मुद्दाम आणून दाखवलेलं असायचं. दोन डोंगर बंद झाल्यावर सगळ्यात आधी मोकळी झाली ती हीच.

प्रदर्शन संपून काही दिवस झाले. मी प्रयोगशाळेत वह्या तपासत होते, तेवढ्यात सर आले. चप्पल काढायला विसरले होते. हातात पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर एक घर, आणि भर दुपारच्या उजेडातही दिसेल असा खिडकीत एक पांढरा दिवा.

"मॅडम, हे लागतंय."

"मग? छान आहे."

"हे गल्लीत लागत नव्हतं. दिवा काढून ठेवावा म्हणून आत्ता सोडवायला घेतलं, सहज सेल लावला तर लागलं. का ओ असं?"

आणि मी, काय सांगू, मी खुलले. असा सुरेख प्रश्न शाळेत वर्षातून एकदा येतो. मी खडू घेतला, फळ्यावर गल्ली काढली. "सर, लाल आणि पिवळ्या दिव्यांना विजेचा कमी दाब पुरतो. पांढऱ्याला जास्त लागतो. एकाच सेलवर शेजारीशेजारी लावले की लाल दिवे दाब आपल्यापुरता खाली आणतात. पांढऱ्याला हवा तेवढा राहतच नाही. त्यामुळं लाल गल्लीत पांढरा दिवा लागणं शक्यच नव्हतं. कुणीही कितीही नीट चिकटवलं असतं तरी!" हे शेवटचं वाक्य मी खडू हवेत उडवून म्हटलेलं मला आठवतं.

"म्हणजे अंबिकानं पट्टी तोडली नव्हती."

"मुळीच नाही. हे बघा की, कोपऱ्यावर कशी सुबक वळवलीय. तिचं काहीच चुकलं नव्हतं."

सर कागदाकडे बघत राहिले. त्या माणसाच्या तोंडून त्या वेळी ते नेहमीचे दोन शब्द यायला हवे होते. आले नाहीत. तेव्हा कुठं मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, काय झालंय.

झालं होतं ते असं. घर काढताना अंबिकानं पांढरा दिवा मागितला. आमच्या घरात ट्यूबलाइट आहे, तिच्या उजेडात अम्मा विड्या वळते, मग खिडकी लाल कशी, असं तिचं म्हणणं. सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी सगळ्या वर्गाला ऐकवलं, "बघा, खरं काढतीय ही पोरगी." सगळ्या पेठेत पांढरा दिवा एकटा तिचा. आणि तोच लागेना. तिनं पट्टी पुन्हा घातली, दिवा बदलला, पुन्हा चमच्यानं घासली. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी. मुख्याध्यापक येऊन बजावून गेलेले, एकही खिडकी अंधारी दिसता कामा नये. सरांनी कधी नव्हे तो आवाज चढवला.

"पट्टी तोडलीस तू."

"न्हाई सर. वळवलीय."

"वळवली आसती तर लागला आसता. तोडलीस आणि कागदाखाली लपवतीस. वर खोटं बोलतीस."

"सर, आईशप्पथ."

"शपथा घेऊ नको माझ्यापुढं."

मग त्यांनी ब्लेड घेतलं, तिच्या देखत तिचं घर गल्लीतून कापून काढलं, वर काळा कागद लावला आणि खालून पट्टी, टोकं दुमडून तांब्याला तांबं लागेल अशी, जोडून घेतली. बाकीची गल्ली झगझगीत लागली. ती बघत होती. सगळी पोरं बघत होती.

"मी तिला खोटारडी म्हटलो मॅडम," सर म्हणाले. "आन मी खालचा कागद उचलूनबी बघितला नाही."

मला वाटतं, त्या दिवशी मी जरा कमी हुशार असते तर बरं झालं असतं. सेलमध्ये काही गडबड असेल, म्हणून विषय संपवता आला असता. ते मला प्रश्न विचारत होते आणि मी त्यांना शिक्षा वाचून दाखवत होते, तीही हसत हसत.

अंबिका त्यानंतर तासाला यायची. कागद घ्यायची. आणि काय काढायची, ते सरांनी मला सांगितलं. दोन डोंगर. मधून सूर्य. खाली नदी. रेघ न रेघ स्वच्छ, रंग कुठं बाहेर गेलेला नाही. सरांनी एकदाही विचारलं नाही की हे कुणाच्या घरचं. विचारायचा धीरच झाला नाही म्हणाले.

मग त्यांनी ठरवलं, जे वर्गासमोर केलं ते वर्गासमोरच निस्तरायचं. मीही त्या तासाला होते. सर फळ्यासमोर उभे राहिले, चमचा खिशातून काढून टेबलावर ठेवला, आणि म्हणाले, "अंबिका, बेटा, उभी राहा. प्रदर्शनाच्या वेळी माझंच—"

"चुकलंऽऽ!" अख्खा वर्ग.

हशा पिकला. नेहमीचाच, मायेचा. सर हात वर करून थांबवायला गेले तर पोरांना वाटलं खेळ रंगलाय, पुन्हा एकदा "चुकलंऽऽ!" झालं. अंबिकाही उभी राहून सगळ्यांबरोबर तेच म्हणत होती, आणि हसतही होती, वर्गात सगळे हसतात तशी. सरांनी तिच्याकडे बघितलं, चमचा उचलला आणि म्हणाले, "बस." बाकीचं वाक्य त्यांच्या तोंडात राहिलं.

त्या दिवसापासून ते शब्द बंद झाले. खडू तुटला तर वाकून दोन्ही तुकडे उचलायचे, बस. पोरं आ वासून वाट बघायची आणि मग हळूहळू विसरली. स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, सर, तब्येत बरी आहे ना. मला एकटीला म्हणाले, "मॅडम, जल्मभर खडू-डस्टरवर उधळले ते शब्द. खरं काम पडलं तेव्हा त्यांच्यात जीवच राहिला नाही."

एका शनिवारी दुपारी ते म्हणाले, "तिच्या घरी जाऊ. आईसमोर सांगतो. तुमी संगं या, तिची आई एकटी आसंल." मी स्कूटी काढली, ते मागं बसले. गल्लीत मागांचा खडखडाट. घर म्हणजे एक खोली आणि पुढं ओटा. आत दिवसाही ट्यूबलाइट लावलेली, तिच्याखाली सुपात तंबाखू आणि पानं घेऊन अंबिकाची आई बसलेली. आम्हाला दारात बघून ती धडपडत उठली.

शिक्षक दारात आले म्हणजे पोरीनं काहीतरी केलंय, दुसरं काय असणार? ती आत वळून ओरडली, "एमे अंबिका! एम चेसिनवे? काय केलीस शाळेत?" अंबिका मोरीतून हात पुसत आली आणि काही कळायच्या आत आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

"आवो न्हाई, न्हाई!" सर मध्ये पडले. "तिनं काय केलं न्हाई. मारू नका. मी... मी सांगायला आलोय."

"बसा की सर. मॅडम, बसा. पोरगी हाय, चुकती. तुमी गुरू, तुमी मारलं तरी आमी काय म्हणणार न्हाई."

"तसं न्हाई बाई. ते प्रदर्शनातलं तिचं घर—"

"हां हां!" आईचा चेहराच उजळला. "मला यायला जमलं न्हाई बघा सर, कारखान्यात विड्या द्यायच्या हुत्या. पण हिनं सांगितलं की. आमचं घर लई भारी दिसत हुतं म्हणं. समदी लाल लाल, आन आमचं एकटंच पांढरं. लांबून वळखू येत हुतं म्हणं. हिच्या नान्नांनी, बापानं, तर मागावरच्या समद्यांना सांगितलं."

मी अंबिकाकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि सरांच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी कुठल्याच परीक्षेत पाहिली नव्हती. सर जे सांगायला आले होते ते त्यांनी सांगितलं असतं, तर त्यांचं ओझं उतरलं असतं आणि ही पोर आईसमोर, आणि रात्री बापासमोर, खोटी पडली असती.

सर आधी खाली बसले. मग म्हणाले, "हो. लागला हुता. लई चांगला लागला हुता. तेच सांगायला आलो."

आईनं चहा केला. आम्ही तो प्यायलो. सरांनी बशीत ओतून तो एका दमात संपवला.

परत येताना सर शाळेच्या फाटकाशी उतरल्यावर म्हणाले, "ती खरं बोलत हुती तेव्हा मी तिला खोटारडी म्हटलो. आन मग घरी खोटं बोलायची पाळी मीच आणली तिच्यावर. आज त्या खोट्यावर सहीबी करून आलो." मी म्हटलं, "दुसरं काय करणार होता तुम्ही?" ते फाटक ढकलून आत गेले.

सोमवारपासून अंबिका बदलली. तासाला पहिल्या बाकावर येऊन बसली. डोंगर गेले. विड्यांचं सूप आलं, ओट्यावर वाळत घातलेले टॉवेल आले, बशीतून चहा पिणारा एक उंच माणूसही आला. मधल्या सुट्टीत चित्र घेऊन ती सरांना शोधत फिरायची. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसते म्हणाली. एकदा जिन्यात मला ऐकू आलं, ती हळूच म्हणाली, "थँक्यू सर. तुमी घरी सांगितलं न्हाई." सरांनी नुसती मान हलवली आणि जिना चढून गेले, त्यांना खरं तर खाली जायचं होतं.

मला वाटलं, संपलं एकदाचं. तसं मी बोलूनही दाखवलं. सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एखादं सोपं उदाहरण चुकवलंय.

"मॅडम, ती रागावली हुती तेव्हा बरं हुतं. तो राग माझ्या हक्काचा हुता. आता तिला वाटतंय, मी तिच्यावर उपकार केलाय. मी! तिचं घर कापणारा. आन ती मला त्याची परतफेड करतीय."

"मग सांगा तिला."

"काय सांगू? तू घरी खोटं बोललीस ते मला माहीत हाय, आन त्याचं कारण मी हाय, असं? आज तरी हसतीय पोरगी." असं म्हणत ते दिवस काढत राहिले. मीही त्यांना पुन्हा कधी टोकलं नाही. अंबिका दिसली की मला फळ्यावरची माझी ती गल्ली आठवायची, आणि मी तिची वही जरा जास्तच कौतुकानं तपासायचे. तेवढंच मला सुचत होतं.

वर्षअखेरीला संस्थेनं त्यांची बदली मंद्रूपच्या शाळेत केली. शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, मुख्याध्यापकांनी भाषण केलं, प्रदर्शनातल्या पेठेचा त्यात दोनदा उल्लेख आला. सर खाली मान घालून बसले होते. सकाळीच मला म्हणाले होते, "आज सांगतो तिला. पट्टी अखंड हुती हे तिला आजून कुणी सांगितलेलंच न्हाई. ती स्वतःच्याच मनात म्हणत आसंल, माझंच कुठंतरी तुटलं आसंल. घरी काय बोलली ते तिचं तिच्यापाशी राहू दे. पण तू खोटारडी नव्हतीस, मी हुतो, एवढं तिनं माझ्या तोंडून ऐकायला पायजे."

"सर, आता ती खूश आहे. कशाला?"

"म्हणूनच," ते म्हणाले.

शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघितलं. मैदानात पोरं पांगलेली. कडेला सर आणि अंबिका. सर बोलत होते. काय, ते ऐकू येत नव्हतं, पण हातानं ते कोपऱ्यावरून पट्टी वळवल्यासारखं काहीतरी दाखवत होते, एकदा, पुन्हा एकदा. मग हात खाली पडले. त्यांनी बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, आता ती रागावेल, रडेल, पाठ फिरवून जाईल. माझी तशी इच्छाच होती म्हणा ना. त्यांच्यासाठी.

अंबिकानं दप्तर खाली ठेवलं आणि ती नमस्काराला वाकली. सर झटकन मागं सरले. ती पुढं झाली, पुन्हा वाकली. सर आणखी मागं. असं करत करत ते पाण्याच्या टाकीपर्यंत गेले आणि तिथं पाठ टेकल्यावर त्यांना मागं जायला जागाच उरली नाही. अंबिकानं त्यांच्या पायांना हात लावला. सरांनी आपले दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले होते, आणि ती उठेपर्यंत त्यांतला एकही तिच्या डोक्यावर आला नाही.